लगेज: स्टॉप मोशन प्रोजेक्टच्या नोंदी, पुणे, जून ते डिसेंबर २०२५

२४ जून

पालख्या पुढे गेल्या, रस्ते मोकळे झाले, आता आमचं सुरू. फायनल इयरचा प्रोजेक्ट, स्टॉप मोशन फिल्म, म्हणजे बाहुली (पपेट) थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढायचा आणि ते सलग चालवायचे. तिघं जण. मी अ‍ॅनिमेशन आणि एडिट, मैत्रीण पपेट करणार, आणि एक मित्र सेट नि लाइट (पुढे त्याला सेटवालाच म्हणतेय). गोष्ट भोपळ्यातल्या म्हातारीचीच, फक्त जंगलाच्या जागी पीएमटीची बस. आजीबाई लेकीकडे निघाल्यात, मांडीवर भोपळा, कंडक्टर म्हणतो भोपळ्याचं लगेज काढा, आजीबाई म्हणतात काढत नाही जा. वाघ, कोल्हा सगळे त्या एका कंडक्टरमध्येच आले. पीएमटी २००७ मध्ये पीसीएमटीबरोबर एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, पण आमच्या घरी अजून कोणी तसं म्हणत नाही, आणि आम्हाला पंच वाजवणारा जुना कंडक्टरच हवा होता.

हिशोब असा की सेकंदाला २४ फ्रेम, पण एक पोझ दोन फ्रेम धरायची म्हणजे सेकंदाला १२ फोटो. पहिला अ‍ॅनिमॅटिक (चित्रं वेळेवर लावून केलेला फिल्मचा कच्चा आराखडा) चार मिनिटांचा झाला, म्हणजे २८८० फोटो, म्हणजे आम्ही पुढच्या बॅचबरोबर पास होणार. कापून कापून २ मिनिटं १० सेकंदांवर आणला, १५६० फोटो. सेटवाल्याच्या आईला तो काही न सांगता दाखवला, त्यांनी बघितला आणि विचारलं, "पण म्हातारी उतरते कुठे?" आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं की उतरायचा शॉटच नाहीये. तुम्ही पण अ‍ॅनिमॅटिक घरच्यांना दाखवा, कॉलेजच्या मित्रांना नको, त्यांना गोष्ट आधीच पाठ असते.

५ जुलै

आवाज आधी, शूट नंतर, कारण तोंडं आवाजावर बसवायची असतात. आजीबाईंचा आवाज मैत्रिणीच्या खऱ्या आजींचा. घर नारायण पेठेत, आणि नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झालाय, त्यामुळे संध्याकाळ बाद. दुपारी आजी झोपतात, त्यांना उठवायची कोणाची टाप नाही. शेवटी सकाळी सातच्या आत बसलो. पंखा बंद, फ्रीज बंद (नंतर आठवणीने चालू करा, आमचं दूध नासलं), गाद्यांच्या कपाटाची दारं सताड उघडली आणि आजींना कपाटाकडे तोंड करून बसवलं. गाद्या-गोधड्या आवाज खातात, खोलीचा घुमारा येत नाही. स्टुडिओचं भाडं वाचलं.

एकच वाक्य परत परत बोलायला लावलं तेव्हा आजी वैतागल्या, "अगं, एकदा सांगितलं ना नाही म्हणून, कितींदा विचारशील!" रेकॉर्डर चालूच होता. स्क्रिप्टमधलं वाक्य टाकून दिलं, हेच घेतलं.

९ जुलै

तोंडांचा चार्ट, म्हणजे कुठल्या उच्चाराला पपेटचं कुठलं तोंड लावायचं ते. नेटवर मिळतात ते सगळे इंग्रजी उच्चारांवर बेतलेले, ते आपल्याकडे तसेच बसत नाहीत. आम्ही आरशासमोर बसून आपला केला: मिटलेलं तोंड प-फ-ब-भ-म साठी, मोठा आ, पसरलेलं इ-ए, गोल उ-ओ, खालच्या ओठाला दात टेकलेलं व, जीभ वर गेलेलं त-न-ल, आणि एक गप्प बसलेलं. एवढ्यात आजीबाईंचं सगळं भागतं. लिहिलेल्या अक्षरांवर जाऊ नका, कानावर जा. आजी "काढत नाही" म्हणत नाहीत, "काडत्नाही" म्हणतात, मधला अ येतच नाही, तिथे तोंड उघडलं की खोटं दिसतं.

अजून एक, १२ फोटोंमध्ये "भोपळा"चा भ अर्ध्या फ्रेमचा असतो, तो गाळायचा मोह होतो. गाळायचा नाही. पुढच्या ओ मधली एक फ्रेम चोरा पण ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, आणि ते आवाजाच्या एक फ्रेम आधी मिटले तर उलट जास्त बरोबर वाटतं.

१६ जुलै

पपेटचा सांगाडा. घरात होती ती बांधायची तार वापरून बघितली, ती वाकवली की स्प्रिंगसारखी थोडी परत येते, म्हणजे तुम्ही हात वर ठेवता आणि फोटो काढेपर्यंत तो खाली. मग वायरमधलं तांबं, ते छान वाकतं पण वाकवून वाकवून कडक होतं आणि तुटतं. अ‍ॅल्युमिनियमच घ्या. बोहरी आळीत किलोवर मिळते, दीड एमएमची घ्या आणि दोन पदर ड्रिलच्या तोंडात धरून पिळा. हळू पिळा, जोरात पिळली की तार तिथेच थकते.

तुटणार ती पण तुटणारच, आणि पायाच्या घोट्यातच तुटणार, कारण सगळं वजन तिथे. म्हणून हातपाय काढता येतील असे करायचे. बाहेर यासाठी पितळेच्या चौकोनी नळ्या वापरतात, आम्हाला पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याहून स्वस्त मिळालं: वायर जोडायची प्लास्टिकची कनेक्टर पट्टी. प्लास्टिक कापून काढलं की आत छोटी पितळी नळी, तिला दोन स्क्रू. एका बाजूला मांडीची तार, दुसरीकडे पोटरीची, स्क्रू आवळला की पाय तयार. १५ अ‍ॅम्पिअरवाली घ्या, लहानीत दोन पदर जात नाहीत. छाती आणि कंबर एम-सीलची, तळपायात नट बसवून त्यावर पण एम-सील, म्हणजे सेटच्या खालून बोल्ट घालून पपेट उभं करता येतं. एम-सील तासाभरात घट्ट होतं, सगळं एकदम मळून ठेवू नका.

अंगावर सोफ्याचा फोम कात्रीने कातरून. आजीबाईंचं नऊवारी मैत्रिणीने आधी जुन्या इरकलीतून केलं, दिसायला फार सुंदर आणि काठ आजीबाईंच्या कमरेएवढा रुंद. माप सहापट लहान, पण सुताची जाडी तीच राहते ना. शेवटी बारीक मलमलचा पंचा रंगवून घेतला.

२८ जुलै

सेट. बसचा आतला भाग, एक बाजू उघडी कॅमेऱ्यासाठी. पहिला सेट पुठ्ठ्याचा, आणि जुलैमध्ये पुण्यात पुठ्ठ्याचा सेट म्हणजे पापड. दोन रात्री पाऊस लागून राहिला आणि बसचं छप्पर मधून बसलं, फेव्हिकॉल वाळेचना. परत केला, तळ सुताराकडच्या उरलेल्या १२ एमएम प्लायचा, भिंती सनबोर्डच्या, मागून लाकडी पट्ट्या. धरायचे दांडे म्हणजे सायकलचे स्पोक, दुकानदाराने जुने फुकट दिले. सीटचं रेक्झीन रिक्षाची सीट शिवणाऱ्याकडचे तुकडे. ही सीट दाखवल्यावर कॉलेजात सगळ्यांनी विचारलं थ्रीडी प्रिंट केलंय का.

भोपळा आम्ही खरा आणला होता, छोटा, रंगाला छान. शूट लांबलं तर तो सुकून आक्रसणार हे मैत्रिणीने वेळेत सांगितलं, त्याची भाजी झाली आणि कागदाच्या लगद्याचा केला, आत पोकळ, हलका. हलका असणं फार महत्त्वाचं आहे, कारण तो पुढे टुणूक टुणूक उडणार आहे.

६ ऑगस्ट

टेस्ट शूट, आणि ही नोंद जरा मोठी आहे कारण ज्यांना कोणाला हे करायचंय त्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे. पपेट हलवणं जमतं हो, थोड्या सरावाने कोणालाही जमतं. बाकीचं जग हलू न देणं हे खरं काम आहे.

फोटो जोडून प्ले केले तर पूर्ण चित्र लुकलुकतंय. कॅमेरा मॅन्युअलवर होता, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं बांधलेलं, तरी. पहिला संशय लाइटवर. सेटवाल्याने मंडपवाल्याकडून हॅलोजन आणले होते, आम्ही शूट करतो त्या वाड्यात सकाळी पाणी आलं की शेजारचे मोटर लावतात आणि हॅलोजन किंचित मंद होतो, डोळ्याला कळतही नाही, कॅमेऱ्याला कळतं. वर त्याच्या उष्णतेने क्लेची तोंडं मऊ पडत होती. हॅलोजन परत, त्याच्या जागी बऱ्या कंपनीचे एलईडी बल्ब, आणि शटर अर्ध्या सेकंदाचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे लाइटची जी काही थरथर असते ती एवढ्या लांब शटरमध्ये सरासरी होऊन जाते. शटर एक भागिले दोनशे ठेवला असता तर प्रत्येक फोटो वेगळा आला असता.

लुकलुक कमी झाली, गेली नाही. पुढचा संशय लेन्स. हे आम्हाला एका सीनियरने सांगितलं नसतं तर आम्ही अजून बल्बच बदलत बसलो असतो: आत्ताच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) दर फोटोला उघडतं आणि परत मिटतं, आणि प्रत्येक वेळी अगदी तेवढंच मिटत नाही, केसभर फरक राहतो. एका फोटोत काही बिघडत नाही, बारा एका सेकंदात बघितले की दिसतं. उपाय म्हणजे हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स. सेकंडहँड ५० एमएम, एम४२ आट्याची, अ‍ॅडॉप्टर रिंग लावून आमच्या कॅमेऱ्यावर. एफ ८ वर ठेवली आणि विषय संपला.

जवळजवळ संपला. डाव्या कोपऱ्यात अजून काहीतरी हलकं हलत होतं, कधी उजळ कधी गडद. तो माझा पांढरा कुर्ता निघाला. मी दर फोटोच्या वेळी कुठे उभी राहते त्यावर तिथला उजेड बदलत होता. त्या दिवसापासून काळा टीशर्ट, आणि फोटो काढताना फरशीवर खडूने केलेल्या फुलीवर उभं राहायचं. खिडक्यांना काळं कापड, फटींना काळी चिकटपट्टी.

१२ ऑगस्ट

जागा सदाशिव पेठेत, कुमठेकर रोडच्या मागे, सेटवाल्याच्या मामांच्या वाड्याचा वरचा मजला. फुकट म्हणून घेतली. फळ्यांची जमीन. मामा जिन्यावरून वर आले की कॅमेरा एक एमएम डोलतो, आणि सतरा फोटोंनंतर चित्र उडी मारतं. मामांना सांगणार कोण, त्यांचंच घर. सगळा संसार खाली अडगळीच्या खोलीत हलवला, शहाबादी फरशी, ओलसर वास, पण भक्कम. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली एम-सीलचे गोळे. टेबलाचे पाय पण तसेच. आता हलायचं म्हटलं तरी हलत नाही, शूट संपल्यावर छिन्नीने काढावं लागणार.

१४ ऑगस्ट

गुरुवार. मेंटेनन्ससाठी लाइट जाणार हे माहीत होतं आणि तरी सकाळी शॉट सुरू केला, दहाला लाइट गेली. त्यात मधेच कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची वेळ आली, आणि बॅटरीचं झाकण कॅमेऱ्याच्या खाली, म्हणजे ट्रायपॉडवरून काढल्याशिवाय उघडत नाही. शॉट गेला. डमी बॅटरी मागवली, तिची वायर थेट प्लगला लागते. ही पहिल्या दिवशीच मागवायची गोष्ट आहे. गुरुवारी आता फक्त तोंडं रंगवायची.

पपेट कुठे होतं आणि कुठे न्यायचं हे बघायला लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओएचपीची पारदर्शक शीट चिकटवलीय. लाइव्ह व्ह्यूवर आजीबाईंच्या नाकाचं टोक, कोपर आणि भोपळ्याचं देठ मार्करने टिंब करून ठेवायचं, पुढचं टिंब किती लांब हे आधीच ठरतं. हात उचलताना पहिली टिंबं जवळजवळ, मधली लांब, शेवटची परत जवळ. सगळी सारख्या अंतरावर ठेवलीत तर आजीबाई लिफ्ट वाटतात.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. विसर्जनापर्यंत शूट बंद. स्पीकरच्या बेसने स्पोकचे दांडे वाजतायत. सगळ्यावर चादर टाकून आम्ही पण मिरवायला गेलो.

१२ सप्टेंबर

खिडकीबाहेरचं पुणं. बस चालतेय असं दाखवायला सेट हलवायचा नाही, बाहेरचं चित्र सरकवायचं. लांब पट्टी प्रिंट केली, वाडे, लक्ष्मी रोडच्या पाट्या, मंडईचं टोक. फ्लेक्सवर छापली ती वाया, चकाकते, बल्ब तिच्यात दिसतो. मॅट व्हाइनिल घ्या. दर फोटोला दोन सेंटिमीटर सरकवली तर घरं टकटक उड्या मारत गेली, बस चाललीय असं वाटेचना, घरंच नाचतायत असं वाटत होतं. मग सेटवाल्याला सुचलं की शटर अर्धा सेकंद उघडा असतोच, तेवढ्यात पट्टी ओढायची. मी शटर दाबते, तो त्याच क्षणी मागून पट्टी सरकवतो, घरं खरीखुरी पुसट येतात आणि आतली आजीबाई, दांडे, सीट एकदम स्वच्छ, कारण ते हललेच नाहीत. कॉम्प्युटरमध्ये हे ब्लर टाकायला प्रत्येक खिडकी कापून वेगळी (मास्क) करावी लागली असती. पट्टीवर मागे पेन्सिलने खुणा केल्यात, आणि एक-दोन-ओढ असं मोठ्याने म्हणायचं, नाहीतर तो मोबाइलमध्ये.

३ ऑक्टोबर

पदर. आजीबाईंना हात लावला की कापड हलतं आणि प्ले केल्यावर पदर उकळतोय असं दिसतं. फेव्हिकॉलचं पाणी लावून कडक केला तर तो पत्रा झाला. आता काठाच्या आत केसाएवढी तांब्याची तार शिवलीय, मोटरच्या वाइंडिंगवाल्याकडची. तार आहे तिथे पदर आपण ठेवू तसा राहतो. यातून एक फायदा असा झाला की पदर आता अभिनय करतो: कंडक्टर लगेज म्हणतो तेव्हा आजीबाई काहीच बोलत नाहीत, फक्त पदर भोपळ्यावर ओढून घेतात. तीन सेकंद. पूर्ण फिल्ममध्ये मला तेवढाच शॉट शंभर टक्के आवडतो, आणि त्यात एकही तोंड बदललेलं नाही.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या आत शेवटचा शॉट, भोपळा टुणूक. मागून जाड तारेवर धरलेला. असा शॉट असेल तर आधी रिकाम्या सेटचा एक फोटो काढून ठेवायचा, पपेट नाही, तार नाही, काही नाही. नंतर क्रिटामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) तार पुसली की खालून तो रिकामा सेट दिसतो. तारेची सावली पण पुसावी लागते, ती कोणी सांगत नाही. तार भोपळ्याच्या अगदी मागे लपेल अशी धरली की अर्धं काम वाचतं.

८ नोव्हेंबर

एडिट. नको असलेले फोटो मी फोल्डरमधून डिलीट करत गेले होते, त्यामुळे नंबरांत गॅप पडले आणि रिझॉल्व्हने (एडिटचं सॉफ्टवेअर) एका शॉटचे सहा-सात तुकडे करून दिले. शॉट संपला की फाइल्सना सलग नंबर देऊन मगच आत घ्या, आणि मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर तसेच राहू द्या. टाइमलाइनचा फ्रेमरेट फोटो टाकायच्या आधी २४ करा, टाकल्यावर तो बदलू देत नाही. थोडी लुकलुक उरली होती तिथे एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचा डीफ्लिकर फिल्टर चालवला, फुकट आहे आणि बऱ्यापैकी काम करतो, पण पपेट कॅमेऱ्याच्या जवळ आलं की तो त्याला पण लुकलुक समजतो.

२२ नोव्हेंबर

साउंड. पंच आता कंडक्टरकडे नसतो, मशीन असतं, त्यामुळे तो आवाज रस्त्यावर मिळेना. पक्कड, नेलकटर, स्टेपलर सगळं दांड्यावर आपटून झालं. शेवटी आजींनी पानाच्या डब्यातला अडकित्ता दिला, रिकामा मिटवायचा, टक-टक. हुबेहूब. दोरीची घंटी म्हणजे सायकलची घंटी, हाताने अर्धी दाबून. बसची घरघर स्वारगेटहून बसमध्ये बसून मोबाइलवर, मागच्या सीटवर, इंजिनपासून लांब, पुढे बसलात तर नुसता फाटका आवाज येतो.

१३ डिसेंबर

रिपोर्ट. "पार्श्वभूमी" नावाचा भाग कंपल्सरी होता, कंटाळत लिहायला घेतला आणि त्यातच रमले. फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला आगकाड्या एकेक फ्रेम हलवून फिल्म केली होती. आणि प्रभातने इथे पुण्यात १९३४ साली कार्टून काढलं होतं, ज्या आवारात आता एफटीआयआय आहे तिथेच त्यांचा स्टुडिओ. त्यांना शूट केलेलं लगेच प्ले करून बघता येत नव्हतं. आमचा पांढरा कुर्ता त्यांना फिल्म धुऊन आल्यावर कळला असता.

२० डिसेंबर

दाखवून झाली. प्रोजेक्टरवर बसचा मागचा भाग पार काळा झाला, लॅपटॉपवर दिसत होता तो सगळा तपशील गेला. हॉलमध्ये आधी एकदा लावून बघा, सावल्या थोड्या उचला. परीक्षकांनी विचारलं कॉम्प्युटरवर का नाही केलं, सेटवाला म्हणाला कॉम्प्युटरला एम-सील चिकटत नाही. मार्क बरे मिळाले. आजी आल्या होत्या, त्यांना स्वतःचा आवाज अजिबात पटला नाही, "मी अशी खेकसते?" सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं.

खर्च तिघांत मिळून १६ हजारांच्या आसपास. सगळ्यात मोठा हार्ड डिस्कचा, साडेचार हजार, मग लेन्स आणि रिंग ३,२००, बल्ब-होल्डर-स्टँड अडीच हजार, प्लाय-सनबोर्ड २,१००, डमी बॅटरी १,४००, उरलेलं प्रिंट, तार, कापड, एम-सील. वाया गेलेला पुठ्ठा आणि फ्लेक्स यात धरलेला नाही, तो सेटवाल्याने मोठ्या मनाने स्वतःच्या खिशातून सोसला. चहा पण धरलेला नाही.

सेट मामांच्या अडगळीत आहे, मकर संक्रांतीच्या आत न्यायला सांगितलंय. कोणाला बसचा सीन करायचा असेल तर घेऊन जा, टेम्पो लागेल, दुचाकीवर मावत नाही. आजीबाई पण मिळतील. उजवा घोटा बदलावा लागेल, जोड सुटा आहे, छोटा टेस्टर घेऊन या. कनेक्टरच्या उरलेल्या नळ्या कंडक्टरच्या बॅगेत ठेवल्यात.